मनकर्णाबाईंचं बाय चान्स

शेंदूरजनाघाटच्या रामरावांच्या घरात इंग्रजी आलं ते जावयाबरोबर. जावई किशोर अकोल्याला कॉलेजात शिकवतो. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला तो जेवताजेवता सासूबाईंना, मनकर्णाबाईंना, म्हणाला, की बाय चान्स रजा मिळाली तर संक्रांतीलाही येऊ. रजा काही मिळाली नाही आणि जावईही आले नाहीत, पण ते दोन शब्द मात्र मनकर्णाबाईंकडे मुक्कामाला राहिले ते कायमचेच. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला ते एवढे का आवडावेत, याचं घरात सगळ्यांना नवल वाटायचं.

कारण तसं साधं होतं. चांगलं काही व्हावंसं वाटलं तरी ते तोंडानं बोलायची मनकर्णाबाईंना भीती. चांगलं बोललं की नजर लागते, वाईट बोललं की वास्तू तथास्तु म्हणते. मग माणसानं बोलावं तरी काय? त्यावर त्यांना हा तोडगा सापडला. लेकराच्या गालाला काजळाची तीट लावतात, तसं त्या आपल्या प्रत्येक आशेला 'बाय चान्स' लावू लागल्या. बाय चान्स यंदा संत्र्याले भाव आला तर. बाय चान्स बागेवर गार नाई पडली तर. आणि गेली कितीतरी वर्षं, उठता-बसता, बाय चान्स आपल्या गोपालचं जमलं तर.

पहिल्या दोन गोष्टी अधूनमधून खऱ्या व्हायच्या. तिसरी कधी झाली नाही.

गोपाल सदतिशीला टेकला होता. दिसायला चारचौघांसारखा, बी.ए. झालेला, घरची संत्र्याची बाग, विहिरीला पाणी, दारू नाही की खर्रा नाही. एवढं असूनही घोडं दर वेळी एकाच जागी पेंड खायचं. मुलीच्या बापाला जमीन हवी असायची, पण जावयाच्या चपलेला माती नको असायची. नोकरी काय करता, असं विचारलं की गोपाल बाग सांगायचा, आणि बाग सांगितली की समोरचा माणूस पोह्यांची बशी पुढे सरकवायचा. वरुड, मोर्शी, चांदूर रेल्वे, मूर्तिजापूर, इतक्या ठिकाणचे पोहे खाऊन कुठे शेंगदाणे सढळ घालतात आणि कुठे नुसत्या कांद्यावर भागवतात हे त्याला पाठ झालं होतं. सुरुवातीला तो आरशात पाहून निघायचा. पुढे पुढे तोच निळा शर्ट अंगात अडकवायचा आणि गाडीत बसल्याबसल्या डोळे मिटायचा.

तो थकला होता. लग्न नकोसं झालं नव्हतं, पण हे पाहायला जाणं, पाहून घेणं आणि परत येणं नकोसं झालं होतं. तसं तो कधी बोलला मात्र नाही. आईनं 'बाय चान्स' म्हटलं की तो निमूट शर्ट शोधायचा. नाही म्हणायची त्याला लहानपणापासून सवय नव्हती, आणि हो म्हणायची वेळ त्याच्यावर अजून कुणी आणली नव्हती.

त्यांच्या घरात एक जुनी रीत होती. पसंती असली तरच मुलीच्या घरी ताटावर बसायचं. नसली तर पोहे-चहावर उठायचं, 'कळवतो' म्हणायचं आणि गाडीत बसायचं. मग कुणी कळवत नसे आणि कुणी वाटही पाहत नसे. ताट म्हणजे शब्द. एकदा अन्नाला हात लागला की मागे फिरायचं नाही, असं रामरावांचे वडील सांगून गेले होते. गोपालनं आजवर एकाही घरचं ताट पाहिलं नव्हतं.

दामिनीचं स्थळ बहिणीनं, रागिणीनं, काढलं. अकोल्याला डाबकी रोडला राहते, वडील नाहीत, भाऊबहीण नाहीत, घरीच मुलांच्या शिकवण्या घेते, पस्तिशीची आहे, पण शेतीला नाही म्हणत नाही, एवढं तिनं फोनवर सांगितलं. मुलीची आई अंथरुणावर आहे हे सांगायला तिनं दुसरा फोन केला तो गाडी मूर्तिजापूरच्या पुढे गेल्यावर. तिथून परत फिरणं बरं दिसलं नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

समोरच्याच खोलीत पलंग होता आणि पलंगावर माणिकबाई. उजवं अंग गेलेलं, पण तोंड शाबूत. पाहुणे बसतात न बसतात तोच त्यांनी मनकर्णाबाईंना सांगून टाकलं, की पातोडीची भाजी केली आहे, मी इथून सांगत गेले आणि पोरगी करत गेली, तेव्हा जेवल्याशिवाय हलायचं नाही. घरभर भाजलेल्या खोबऱ्याचा वास पसरला होता. मनकर्णाबाई नुसत्या हसल्या. त्या हसण्याचा अर्थ गोपालला कळला, आणि का कोण जाणे, त्याला त्या भाजीचंच वाईट वाटलं.

मग पाच मिनिटं बोलून घ्या म्हणून दोघांना मागच्या अंगणात पाठवलं. तिथे दोरीवर चादरीच चादरी वाळत होत्या. दामिनीनं आढेवेढे घेतले नाहीत.

"माई माय मायासंग येईल. तिले मी कोणापाशी टाकत नाई. आधीच सांगतलेलं बरं."

गोपालला ते आवडलं. इतक्या घरांमध्ये इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं. पण तोंडातून निघालं ते वर्षानुवर्षांचं, घरचं.

"पाहू. बाय चान्स जमलं तर कळवतो."

"बाय चान्स म्हणजे नाईच असते ना जी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता कंटाळा होता. "मंग सरळ नाई म्हणत जा. आमी पातोडी तरी नसती केली."

गोपाल चादरींकडे पाहत उभा राहिला. पाच मिनिटं संपायची होती, पण बोलणं संपलं होतं.

पाहुणे चहावर उठले. माणिकबाईंनी दोन घास तरी घ्या म्हणून पुन्हा एकदा म्हणून पाहिलं, तेव्हा मनकर्णाबाईंनी रस्ता लांबचा असल्याचं सांगितलं. रस्ता लांबचा होता हे काही खोटं नव्हतं.

परतीला मूर्तिजापूरच्या फाट्यावर चहासाठी थांबले. एक चहा पिऊन उठलेली माणसं दुसऱ्या चहाला बसली. पोरगी बरी वाटली, असं रामराव दबकत दबकत म्हणाले. मनकर्णाबाईंनाही ती बरी वाटली होती. पेल्यावर फुंकर घालत त्या म्हणाल्या, "साजरी आहे. बोलते बी रोखठोक. पण बुढीचं कोण करीन?" मग एक घोट घेतला आणि अगदी घरच्या आवाजात पुढे म्हणाल्या, "पाहू थोडे दिवस. बाय चान्स बुढी गेली तर."

आता हे ऐकून कुणी मनकर्णाबाईंना कैदाशीण म्हणेल. तशा त्या नव्हत्या. गल्लीत कुणाचं लेकरू तापानं फणफणलं तर यांचाच हात आधी त्याच्या कपाळावर. पण जिभेला हाड नसतं, आणि आशेला तर मुळीच नसतं. भाव यावा, गार पडू नये, तशीच ही एक आशा, तीट लावून बाहेर पडली. रामराव पेल्यात पाहत राहिले. असं नको बोलू माय, एवढं तरी म्हणावं असं गोपालला वाटलं. त्यानं पेला ठेवला आणि जाऊन गाडीत बसला.

अकोल्याला कुणी कळवलं नाही. तिकडूनही कुणी विचारलं नाही.

चैत्रात मनकर्णाबाई कुरड्या घालायला गच्चीवर गेल्या आणि तिथेच कलंडल्या. गाडी करून अमरावतीला नेलं. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं आणि वाचा बसली. दवाखान्यात रामराव बायकोच्या उशाशी देवाचं नाव घेत बसायचे आणि गोपाल खाली औषधांच्या दुकानापुढे रांगेत उभा असायचा. एका सकाळी रामराव चमच्यानं पाणी पाजत होते. मनकर्णाबाईंचे ओठ हलले आणि दोन शब्द अगदी लख्ख बाहेर आले.

"बाय चान्स."

रामरावांना रडू कोसळलं. वाचा आली म्हणून ते वॉर्डभर सांगत सुटले. पण त्या दोन शब्दांच्या पुढे काही येईना. पाणी हवं तरी बाय चान्स, पाणी नको तरी बाय चान्स. दुखलं, खुपलं, पंखा लावा, पंखा बंद करा, सगळ्याला तेच. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं गोपालला बाजूला बसवून समजावलं, की असं कधी कधी होतं, सगळी भाषा पुसून जाते आणि फार घोटलेला एखादा बोल तेवढा मागे राहतो. बाकीचं हळूहळू येईल, कदाचित येणारही नाही. कुणाला देवाचं नाव उरतं, कुणाला शिवी उरते. मनकर्णाबाईंना जावयाचं इंग्रजी उरलं होतं. वॉर्डातल्या नर्स आधी हसल्या, मग त्यांना सवय झाली, आणि निघायच्या दिवशी त्यांतली एक डोळे पुसत होती.

घरी आल्यावर मधल्या खोलीत, खिडकीखाली पलंग टाकला. तिथून बाग दिसायची आणि उन्हाळ्यातही थोडा वारा यायचा. रागिणी काही दिवस राहिली, मग पोरांच्या शाळेसाठी तिला जावं लागलं. कामाला बाई ठेवली, ती पंधरवडाही टिकली नाही. रामरावांचे हात थरथरायचे. राहता राहिला गोपाल. आईचं अंग पुसणं, वेणी घालणं, मऊ भात कालवून भरवणं, कूस बदलणं, चादरी धुणं. पहिल्या दिवशी आईचं लुगडं बदलताना दोघांनीही डोळे मिटून घेतले होते. मग तीही लाज दमली. दुपारी बागेत पाणी सोडायला गेलेला गोपाल झाडाला टेकून उभ्या उभ्या झोपायचा आणि पाणी दुसऱ्याच वाफ्यात जायचं.

स्थळं थांबली. अगोदर मुलाला नोकरी नव्हती, आता वरून आई अंथरुणावर. तरी चांदूर रेल्वेचा एक मुलीचा बाप श्रावणात घर पाहायला आला. बाग पाहून खूश झाला, विहिरीत डोकावला, आणि मग मधल्या खोलीच्या दारातूनच त्यानं पलंगाकडे पाहिलं. पलंगावरून मनकर्णाबाई आपल्या परीनं 'या, बसा' म्हणाल्या, म्हणजे बाय चान्सच म्हणाल्या. पाहुण्यानं चहासुद्धा घेतला नाही. कळवतो म्हणाला.

त्याच्या गाडीची धूळ खाली बसेपर्यंत गोपाल फाटकाशी उभा होता. वरुडच्या अलीकडे कुठेतरी ती गाडी चहाला थांबेल, आणि पेल्यावर फुंकर घालत कोण काय बोलेल, हे त्याला शब्दन् शब्द ऐकू येत होतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. त्याचं मूर्तिजापूरला जळलं नव्हतं, ते आता जळलं.

त्याच आठवड्यात आईची पाठ लाल झाली. रागिणीनं पाठवलेला दामिनीचा बायोडाटा फोनमध्ये अजून होता, त्यावर नंबर होता. लाज बाजूला ठेवून त्यानं तो लावला.

"कोण? शेंदूरजनाघाटचे ना," पलीकडून आवाज आला. "चहावर उठले ते."

"हो. तेच."

त्यानं सगळं सांगितलं. आता काहीतरी ऐकावं लागणार, आणि ते आपल्या हक्काचंच आहे, असं त्याला वाटलं. पण दामिनीनं एवढंच विचारलं, की पाठ नुसती लाल आहे की कातडी गेली आहे. मग ती सांगत गेली आणि तो ऐकत गेला. हवेची गादी आणा. कूस बदलायला आळस करू नका. पावडरचे थर चढवू नका, ओल धरते. आणि माणूस पलंगावरून घसरत घसरत पायाशी जातो, त्याला काखेत हात घालून ओढू नका, खांदा निखळतो. कमरेखाली एक चादर आडवी टाकून ठेवा, दोन्हीकडून दोघांनी धरा आणि एकदम वर घ्या. दवाखान्यात असंच शिकवलं होतं.

"तुमच्याकडे दुसऱ्या बाजूनं कोण धरते?" गोपालनं विचारलं.

"कोण धरीन जी? एक टोक पलंगाच्या दांडीले बांधते, दुसरं मी ओढते."

पाठ बरी झाली. फोन मात्र थांबले नाहीत. शिकवणीची मुलं गेली की ती दुपारची मोकळी असायची, आणि तो झाडाखाली. बोलणं सगळं असलंच. भात घशात अडकतो, काय करू. रात्रभर हाक मारते, झोप नाही. यंदा फार थकलो. मीही. इतकी वर्षं पोहे खात हिंडलेल्या माणसाला 'थकलो' हा शब्द कुणापुढे बोलता येतो हेच नवीन होतं. लग्नाचं नाव दोघांपैकी कुणीच काढलं नाही. पण पलंगाच्या दांडीला बांधलेलं ते चादरीचं टोक गोपालच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. रामरावांच्या थरथरत्या हातांत चादरीचं दुसरं टोक दिलं की त्याला रोज ते दिसायचं.

दिवाळीच्या आधी रागिणी चार दिवस माहेरी आली, तेव्हा तो अकोल्याला निघाला. कुणाला काही सांगितलं नाही. निळा शर्ट घातला नाही. आंबिया बहाराची पहिली संत्री पिशवीत भरली, अजून जराशी आंबटच होती. अमरावतीच्या पुढे एसटीत त्यानं मनाशी पुष्कळ वाक्यं जुळवली आणि मूर्तिजापूरचा फाटा आला तशी ती सगळी विस्कटली.

माणिकबाईंनी त्याला लगेच ओळखलं. पिशवी पाहून त्या म्हणाल्या, संत्रीवाले आले. दामिनीनं पाणी दिलं. ती जरा वाळली होती. गोपालनं पेला खाली ठेवला आणि उभ्यानंच बोलून टाकलं, कारण बसला असता तर धीर गेला असता.

"मी इचाराले आलो. मले कोणी पाठवलं नाई. तुमच्याशी लग्न करायचं आहे मले. मावशीले घेऊन या तुमी, दोघी बी या."

दामिनी वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. तिनं हातातली घडी पुरी केली.

"तवा तुमच्या घरी बाई धडधाकट होती, तं माई माय जड झाली. आता तुमची माय पडली, तं मी आठवली. खरं सांगा, तुमाले बायको पायजे का कामाले बाई पायजे?"

हा प्रश्न येणार हे गोपालला फोनच्या पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याचं चांगलं उत्तर असं नव्हतंच. जे होतं ते त्यानं सांगितलं.

"मायचं मी करतो. पुढे बी मीच करीन. तुमी तुमच्या मायचं करताच. तवा मी हो म्हणालो नाई आन् नाई बी म्हणालो नाई. वापस जाताना माय फाट्यावर एक बोलली, ते बी मी आयकून घेतलं."

"राहू द्या," दामिनी म्हणाली. "सगळ्याच गाड्यांत तेच बोलतात. बुढी गेली तर पाहू."

गोपालची मान खाली गेली. तिनं दुसरी चादर उचलली. पलंगावरून माणिकबाईंचा आवाज आला, अगदी सहज, भाजीत मीठ सांगावं तसा.

"मी बी रोज तेच मागते बाप्पा. देव आयकत नाई."

बोलता बोलता माणिकबाई घसरून पलंगाच्या पायाशी आल्या होत्या, मान वाकडी झाली होती. दामिनी उठली आणि हाताच्या सवयीनं त्यांच्या कमरेखालच्या चादरीचं एक टोक पलंगाच्या दांडीला बांधून अलीकडे आली. गोपाल पलीकडच्या बाजूला गेला. त्यानं गाठ सोडली, टोक मुठीत गुंडाळून धरलं, आणि तिच्याकडे पाहिलं. तिनंही दुसरं टोक धरलं. दोघांनी एकदम उचललं. माणिकबाई एका दमात उशीवर आल्या.

दामिनी चादर हातात धरून तशीच उभी राहिली.

"इतकं हलकं असते का हे?" ती म्हणाली. मग तिनं तोंड फिरवलं. बराच वेळ ती भिंतीकडे पाहत होती आणि तिचे खांदे हलत होते. गोपालला जवळ जावंसं वाटलं, पण तो आपल्या बाजूची चादर सारखी करत राहिला.

पदरानं तोंड पुसून ती वळली तेव्हा आवाज पुन्हा तिचा नेहमीचा होता.

"बाय चान्स माई माय अजून वीस वर्सं जगली तं?"

"जगू द्या ना," गोपाल म्हणाला.

ती त्याच्याकडे पाहत राहिली. इतक्या माणसांनी तिला इतकी उत्तरं दिली होती, की खरं कोणतं आणि तोंडदेखलं कोणतं हे तिला आवाजावरून कळत असावं. ती स्वयंपाकघरात गेली. आतून भांड्यांचा आवाज आला, मग तिचा.

"वरण-भात आहे आन् सकाळचं वांगं. पातोडी नाई."

"चालते."

"ताट घेते मंग. पण इचार करून बसा."

गोपालनं हात धुतले आणि ताटावर बसला. वांगं थोडं करपलेलं होतं. आयुष्यात प्रथमच तो मुलीच्या घरचं जेवत होता, आणि पलंगावरून माणिकबाई तोंड भरून वाढ गं, अजून वाढ, म्हणत होत्या.

दुसऱ्या दिवशी तो घरी पोचला तेव्हा रागिणी आईची वेणी घालत होती. वडिलांना आणि बहिणीला त्यानं ओसरीवरच सगळं सांगितलं. रामरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो काही वेळ तिथेच राहू दिला. मग गोपाल आत जाऊन पलंगाच्या काठावर बसला.

"माय, लग्न जमलं माया," तो म्हणाला. "अकोल्याच्या पोरीशी. शिकवण्या घेते ती."

मनकर्णाबाईंनी डोळे मोठे केले. "बाय चान्स?" त्यांनी विचारलं. शब्द तेच असले तरी प्रश्न त्याला बरोबर कळला. एवढ्या महिन्यांत आवाजाच्या चढउतारावरून त्याला आईचं सगळं कळायला लागलं होतं.

"बाय चान्स नाई, माय. पक्कं. जेवून आलो मी तिथं."

त्यांच्या तोंडाची चांगली बाजू हसली. गोपालला थांबता आलं असतं. पण पेला ठेवून गाडीत जाऊन बसण्यात त्याचं एक वर्ष गेलं होतं.

"आन् बुढी बी येऊन राहिली. पोरीसंगच. आपल्याच घरी राहीन आता."

मनकर्णाबाईंचं हसू जागच्या जागी थांबलं. त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या. फाट्यावरचा तो चहा त्यांना आठवला की नाही, हे विचारायची सोय नव्हती. डोळ्यांतून पाणी निघालं आणि कानामागे ओघळत गेलं, ते पुसायला त्यांचा उजवा हात उठला नाही. गोपालनं पुसलं. त्यांनी डोळे मिटले. झोप लागली असं समजून तो उठला.

तेवढ्यात डावा हात पलंगाच्या दांडीवर आपटायला लागला. "बाय चान्स, बाय चान्स." पाणी दिलं, नको. कूस बदलू का म्हटलं, नको. रागिणीनं पंखा लावून पाहिला, बंद करून पाहिला. हात आपटणं थांबेना, आणि आता तो पलीकडच्या भिंतीकडे दाखवत होता. तिकडे काहीच नव्हतं, नुसता अंधारा कोपरा आणि धान्याचा डबा.

रामरावांना आधी कळलं. जन्माची सोबत होती. "पलंग सरकवा म्हणते," ते म्हणाले.

एका बाजूनं रामरावांनी धरलं, दुसरीकडून गोपालनं, आणि वीतभर सरकवला. "बाय चान्स." अजून सरकवला. खिडकी आता पायाशी गेली, वाराही लागेना. तरी हात आपटतच होता. गोपाल म्हणाला, की माय, इथून बाग दिसणार नाई तुले. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

रागिणीनं धान्याचा डबा उचलून बाहेर ठेवला आणि त्यांनी पलंग पार कोपऱ्याला नेऊन भिडवला. खिडकीखाली आणखी एक पलंग मावेल एवढी जागा झाली, तेव्हा कुठे मनकर्णाबाईंचा हात थांबला.